ठरावाच्या बाजूने पार्सेकर

मंडळाच्या इतिहासात बटाटेवडे उरले, असं त्या रविवारी पहिल्यांदा घडलं. चांगले चार ट्रे भरून होते. तळवलकरांनी पहाटे उठून तळले होते आणि सोबत लसणीची चटणीही होती. तरी हॉलमधल्या निम्म्याहून अधिक लोकांनी त्यांना हात लावला नाही.

"डॉक्टरीणबाई, वडा युरोपातला नाही," तळवलकर म्हणाले. "बटाटा इथलाच आहे. घ्या."

"मला ॲसिडिटी आहे," डॉ. शैला चांदोरकर म्हणाल्या. त्या आमच्या मंडळाच्या अध्यक्ष.

"गेल्या महिन्यात नव्हती."

"गेल्या महिन्यात तुम्ही फेसबुकवर 'युरोपातून निघा' असं लिहिलं नव्हतं."

२०१६ सालच्या जूनचा पहिला रविवार होता. ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की निघायचं, याचं मतदान तेवीस तारखेला होतं. आमचं गाव स्विंडन. त्या गावातलं आमचं मराठी मंडळ म्हणजे लहान-मोठी धरून साठ डोकी, त्यातही गणपतीला येणारी वीस. पण त्या महिन्यात त्या साठांचे दोन देश झाले होते. राहणारे आणि निघणारे. राहणारे खिडकीकडे बसत, निघणारे रेडिएटरकडे. मधल्या खुर्च्यांवर लोक आपल्या पिशव्या ठेवत.

तळवलकर निघणाऱ्यांचे पुढारी. त्यांचं किराणा दुकान होतं आणि मनात एक सल होता. तो ते सगळ्यांना ऐकवत. "माझा सख्खा पुतण्या, सोलापूरला हॉटेलात आचारी. त्याला यांनी तीनदा व्हिसा नाकारला. आणि तिकडून, जिथे मिरची म्हणजे काय हे माहीत नाही, तिथून माणूस नुसती बॅग उचलतो आणि येतो. हा कुठला न्याय?" मग त्यांची नजर पार्सेकरांवर जाई आणि आवाज खाली येई. "तुमच्याबद्दल नाही हो, पार्सेकर. तुम्ही आपलेच."

"कागदावर मी त्यांचाच, तळवलकर," पार्सेकर म्हणाले. ते सहावा वडा खात होते. दोन्ही बाजूंचं खाणारा हॉलमधला तो एकच माणूस.

उल्हास पार्सेकर गोव्यातले, पेडण्याचे. वडिलांचा जन्म पोर्तुगिजांच्या अमलात नोंदलेला, म्हणून मुलाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि त्या पासपोर्टावर मुलगा स्विंडनला आला. "ते आमच्या डोक्यावर पिढ्यान् पिढ्या बसले," पार्सेकर म्हणायचे, "मी एकटा त्यांच्या डोक्यावर बसलो तर बिघडलं कुठे?" एका मोठ्या गोदामात ते रात्रपाळीला पार्सलं बांधत. अशी नऊ वर्षं झाली होती. बायको मंजिरी आणि मुलगी केतकी पेडण्यालाच, कारण पार्सेकरांची आई अंथरुणावर होती. ती त्या हिवाळ्यात गेली. आता येत्या दिवाळीला मायलेकी कायमच्या इकडे यायच्या होत्या. पार्सेकरांनी दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं होतं आणि मुलीच्या खोलीला पिवळा रंग दिला होता. मी तो जाऊन बघितला होता. फारच पिवळा होता.

ब्रिटन निघालं तर त्या पासपोर्टाचं आणि त्या दिवाळीचं काय होणार, हे कुणी सांगत नव्हतं. पंतप्रधानांपासून आमच्या तळवलकरांपर्यंत कुणालाच ते माहीत नव्हतं.

त्यात गंमत अशी होती की भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला या मतदानात मत होतं. तो राष्ट्रकुलातला म्हणून. चांदोरकरबाईंचा भाचा सात महिन्यांपूर्वी पुण्याहून आला होता, त्याला अजून कचऱ्याचा कुठला डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते कळत नव्हतं, पण ब्रिटनने युरोपात राहायचं की नाही हे तो ठरवणार होता. पार्सेकरांना मत नव्हतं. पोर्तुगीज होण्यासाठी त्यांनी भारतीय असणं सोडलं होतं आणि त्याबरोबर हेही सुटलं होतं.

आता माझ्याविषयी सांगतो. मी प्रभाकर निमकर. इथल्या बस कंपनीत एकतीस वर्षं वेळापत्रकं केली, म्हणजे गावातल्या बहुतेकांनी पावसात उभं राहून मला कधी ना कधी शिव्या दिल्या आहेत. मंडळात मात्र माझी ओळख फिशपाँडवाला अशी. स्नेहसंमेलनात जे निनावी टोमणे वाचून दाखवतात ना, कुणाच्या टकलावर, कुणाच्या भाकरीवर, ते सगळे चाळीस वर्षं मीच लिहिले. लोक हसायचे, घरी जायचे आणि विसरायचे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, असं मी तेव्हा समजत होतो.

त्या दिवशी उरलेल्या वड्यांकडे बघून मला एक कल्पना सुचली.

"चांदोरकरबाई," मी म्हणालो, "पुढच्या रविवारी वादविवाद ठेवू. शाळा-कॉलेजात असायचा तसा. ठराव मांडायचा, एक वक्ता बाजूने, एक विरुद्ध. पण बाजू आपण निवडायची नाही. चिठ्ठी."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्याला पटत नाही ते बोलायची पाळी येऊ शकते. मी सांगलीला दोन ढाली अशाच मिळवल्या. एकदा मी हुंड्याच्या बाजूने बोललो होतो."

"आणि जिंकलात?" माझी बायको कुमुद म्हणाली. "हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही."

लोक हसले. महिन्याभरात पहिल्यांदा दोन्ही बाजू एकदम हसल्या. ठराव लगेच लिहून झाला: ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे, असे या सभेचे मत आहे. कुकरच्या भांड्यात सगळ्या मोठ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मी पार्सेकरांचं नाव लिहायला लागलो, तेव्हा चांदोरकरबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना मत नाही, निमकर. त्यांना कशाला ओढता?"

"मत नसलं तरी तोंड आहे. वगळलं तर वाईट दिसेल."

मला खरंच तसं वाटलं होतं. शिवाय गोव्याचा माणूस, देवळाच्या उत्सवात नाटकं केलेला. मंडळात तेवढा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता.

पहिली चिठ्ठी निघाली तळवलकरांची. त्यांच्या वाट्याला आलं ठरावाच्या विरुद्ध, म्हणजे राहावं. त्यांनी ती चिठ्ठी दुकानातल्या नकली नोटेसारखी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली. दुसरी चिठ्ठी निघाली ठरावाच्या बाजूने. पार्सेकर.

पार्सेकरांनी हात पुसले. "चालेल की," ते म्हणाले. "पेडण्याला सहा वर्षं खलनायक मीच करायचा. आमच्या वाड्यावर नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मला कुणी चहासुद्धा विचारत नसे."

*

सोमवारी संध्याकाळी कामावर जाण्याआधी ते आमच्याकडे आले.

"काका, मला बोलता येतं, लिहिता येत नाही. तुम्ही लिहून द्या. मी पाठ करतो."

मी लिहिलं. दोन दिवस टेबलावरून उठलो नाही. तोवर माझं मत साधारण राहण्याकडे होतं, म्हणजे मला बदलाचा कंटाळा होता. पण लिहायला बसल्यावर मुद्दे आपोआप जवळ यायला लागले. आमचे कायदे आम्ही करू. आमच्या बसचं वेळापत्रक परगावचा माणूस का ठरवेल? हे मी अनुभवातून लिहिलं. वाक्यं अशी पडत होती की मी स्वयंपाकघरात जाऊन कुमुदला वाचून दाखवत होतो.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हे म्हणायचंय कुणाला?"

"पार्सेकरांना."

"तेच म्हणते मी."

भाषणाच्या शेवटाकडे एक वाक्य होतं, त्यावर माझं फार प्रेम बसलं. "ज्याला आपण बोलावलं नव्हतं, त्याची बायकापोरं आपण का बोलवायची?" वाक्य तालात होतं. म्हणून बघा, तुम्हालाही जाणवेल.

बुधवारी आणि शुक्रवारी आमच्या दिवाणखान्यात तालमी झाल्या. पार्सेकर उभे राहत, मी सोफ्यावर कागद घेऊन बसे. कुठे थांबायचं, कुठे हात उचलायचा, त्यांना काही सांगावं लागत नव्हतं. फक्त ते वाक्य आलं की ते म्हणायचे, "हे येतं मला, पुढचं घेऊ." शुक्रवारी जाता जाता दारात थांबले.

"काका, एखादं वाक्य गाळलं तर चालेल?"

"कुठलं?"

"असंच. शेवटाकडचं एखादं. लांब होतंय जरा."

"नाटकात गाळता का तुम्ही?"

"नाही," पार्सेकर म्हणाले. "लेखकाचं वाक्य नट गाळत नाही. आमच्याकडे पहिल्या तालमीलाच बजावतात."

"मग झालं तर."

ते हसले आणि गाडीत बसले. मीही हसलो. लेखक म्हणून मला कुणी त्यापूर्वी संबोधलं नव्हतं.

*

रविवारी मोजणीला त्रेचाळीस जण होते. बाईंनी आधीच हात वर करायला लावले. ठरावाच्या बाजूने चौदा, विरुद्ध एकोणतीस. पार्सेकर मोजणीत नव्हते, वक्ते म्हणून तळवलकरही नव्हते.

तळवलकर आधी बोलले. चांदोरकरबाईंनी लिहून दिलेला कागद त्यांनी हातभर लांब धरला आणि सरकारी नोटीस वाचावी तसा वाचला. "युरोपामुळे शांतता नांदते, असं यांचं म्हणणं आहे. व्यापार वाढतो, असंही यात लिहिलंय. विद्यार्थ्यांना फायदा होतो. कुठल्या, ते दिलेलं नाही. धन्यवाद." राहणाऱ्यांनी कर्तव्य म्हणून टाळ्या वाजवल्या.

मग पार्सेकर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मी पडद्याच्या बाजूला स्टुलावर बसलो होतो, हातात भाषण. नाटकात प्रॉम्प्टर बसतो तसा. तो माझाच हट्ट होता. पहिल्या रांगेत कुमुद बसली होती, हातात मोबाईल उभा धरून. फोटो काढते आहे असं मला वाटलं.

पार्सेकरांनी पहिल्या वाक्यालाच हॉल हातात घेतला. मी त्या माणसाला नऊ वर्षं ओळखत होतो, पण हा कुणी वेगळाच होता. खांदे रुंद झालेले, नजर शेवटच्या रांगेवर. माझ्या बसच्या वेळापत्रकावर लोक इतके हसले की त्यांना थांबावं लागलं. राहणारेही हसत होते. चांदोरकरबाईंचा भाचा मान हलवत होता. मी स्टुलाच्या कडेवर आलो. माझी वाक्यं, चाळीस वर्षं टकलावर आणि भाकरीवर खर्च झालेली, त्या दिवशी पहिल्यांदा एखाद्या कामाला लागली होती.

आणि मग ते थांबले.

त्या वाक्याशीच थांबले. "आमच्या दारात कोण उभं राहील, हे आम्ही ठरवू," इथवर आले आणि गप्प झाले. समोर बघत राहिले. पहिल्या रांगेकडे.

मी हळूच म्हणालो, "ज्याला आपण बोलावलं नव्हतं."

ते तसेच.

"ज्याला आपण बोलावलं नव्हतं," मी जरा मोठ्याने म्हणालो.

कुणीतरी खाकरलं. मी वाकलो आणि तिसऱ्यांदा असं म्हणालो की पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. पोरं खिदळली.

पार्सेकर बोलले. पण ठरल्यासारखं नाही. हात न उचलता, अगदी खालच्या आवाजात, घरात कुणी झोपलेलं असताना बोलावं तसं. "ज्याला आपण बोलावलं नव्हतं, त्याची बायकापोरं आपण का बोलवायची?"

मग टाळ्या पडल्या आणि पडतच राहिल्या. मी मनात म्हणालो, काय थांबला आहे हा माणूस. असं थांबणं शिकवून येत नाही.

पुन्हा हात वर झाले. ठरावाच्या बाजूने बावीस, विरुद्ध एकवीस. बाईंनी दोनदा मोजलं. आठ डोकी माझ्या कागदाने इकडून तिकडे नेली होती. ठराव मंजूर झाला आणि ढाल पार्सेकरांना मिळाली. त्यांनी ती घेऊन सगळ्यांना नमस्कार केला आणि कामावर जायचं आहे म्हणून न जेवता गेले. कामाला अजून चार तास होते.

*

त्यानंतरचे अकरा दिवस मी नीट बसलो नाही. जेवताना उठायचो, टीव्हीसमोर उभाच राहायचो. बाजारात कांदे निवडताना मी तोंडाने काहीतरी म्हणत असे आणि शेजारची बाई दुसऱ्या टोपलीकडे जाई. एका सकाळी गल्लीला तीन फेऱ्या मारून आलो तर कुमुद दारात उभी.

"अंगात आलंय तुमच्या."

"विचार करतोय."

"कसला?"

"मत कुणाला द्यायचं, त्याचा."

"त्यात विचार काय करायचा?" ती म्हणाली. "पार्सेकरांच्या मंजिरीला डोळ्यासमोर आणा आणि फुली मारा. मी टपालाने कधीच पाठवलं माझं."

"एका मताने काय होणार आहे? सगळे म्हणताहेत, राहणारेच जिंकणार."

"मग चाललाय कशाला फेऱ्या मारत?"

माझ्याकडे वाक्यं होती, पण ती सगळी भाषणातली होती.

तेवीस तारखेला, गुरुवारी, दुपारी पार्सेकरांची गाडी दारात आली. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता, मला गाडी चालवायची नव्हती. मी त्यांना बोलावलंही नव्हतं.

"चला काका, मत देऊन या. मी आज रजा घेतली आहे. सकाळपासून सहा जणांना नेऊन आणलं."

"कुणाकुणाला?"

"म्हाताऱ्या माणसांना. तळवलकर पण आले."

"तळवलकरांना? तुम्ही नेलंत?"

"गुडघा दुखतो हो त्यांचा," पार्सेकर म्हणाले. "पट्टा लावा."

मतदान एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. पार्सेकर बाहेर गाडीशी थांबले. मी आत गेलो, नाव सांगितलं, कागद घेतला. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल होती. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की मागे कुणीतरी घसा साफ केला. मग कागदाची घडी घालून पेटीत टाकली आणि बाहेर आलो.

*

निकाल काय लागला ते जगाला माहीत आहे. आमच्या गावात निघणारे दहा हजारांहून जास्त मतांनी पुढे होते, तेव्हा माझी फुली कुठेही पडली असती तरी काही हललं नसतं. हे मी नंतर पुष्कळ वेळा मनाशी घोकलं आहे. मायलेकींना दिवाळीला येता आलं असतं. ब्रिटन प्रत्यक्षात बाहेर पडायला पुढे साडेतीन वर्षं लागली, कागदपत्रांनाही वाट होती. पण मंजिरीने यायला नकार दिला. का, ते पार्सेकरांनी मंडळात आणखी कुणाला सांगितलं नाही. दीड वर्ष ते एकटे त्या पिवळ्या खोलीशेजारच्या खोलीत राहिले आणि मग पेडण्याला परत गेले. तिथे ते आता स्वतःच्या वाड्यावर परदेशी नागरिक म्हणून राहतात. मत त्यांना तिथेही नाही.

पण मला सांगायचं आहे ते निकालाचं नाही. गुरुवारी दुपारी, मतदान करून परत निघालो, तेव्हाचं आहे.

शाळेपासून दोन वळणं आलो होतो. पार्सेकर समोर बघत गाडी चालवत होते.

"काका, एक सांगू? आता सांगायला हरकत नाही."

"सांगा की."

"त्या दिवशी मी ते वाक्य विसरलो नव्हतो."

"मग? मुद्दाम थांबलात? मला वाटलंच. काय थांबलात."

"नाही, तसं नाही. समोर कुमुदकाकू मोबाईल धरून बसल्या होत्या ना. मीच त्यांना धरायला सांगितलं होतं. पलीकडे मंजिरी आणि केतकी बघत होत्या. पुष्कळ वर्षांनी मी स्टेजवर, म्हणून दोघी नटूनथटून बसल्या होत्या. मला इकडून त्यांचे चेहरे दिसत होते. एवढे एवढे."

"केतकी दहा वर्षांची आहे. तिला वादविवाद वगैरे कळत नाही. तिने रात्री विचारलं, बाबा, तुम्ही कोणाची बायकापोरं म्हणत होता? मी म्हटलं, ते नाटक होतं. तर म्हणाली, मग लोकांनी हात का वर केले?" पार्सेकरांनी गियर बदलला. "मंजिरीने फोन ठेवला. आता ती यायचंच नाही म्हणते. इंग्रजांचं सोडा म्हणते, ते आपल्याला ओळखत नाहीत. पण ते हात आपल्या माणसांचे होते. समजावतोय मी तिला. निकाल चांगला लागला तर ऐकेल, असं वाटतंय."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"आधी?" त्यांनी माझ्याकडे नवलाने बघितलं. "आधी सांगितलं असतं तर मत मागितल्यासारखं झालं असतं, काका. तुम्हाला अवघड वाटलं असतं. ज्याचं मत त्याने स्वतः द्यावं. म्हणून म्हटलं, तुमचं देऊन होऊ दे, मग सांगू."

पुढचा सिग्नल हिरवा होता.

"पार्सेकर, गाडी मागे घ्या."

"काय झालं?"

"शाळेत माझं काहीतरी राहिलं."

त्यांनी काही न विचारता गाडी वळवली. मी जवळजवळ पळत आत गेलो. टेबलाशी मघाचीच बाई होती, माझ्याच वयाची, गळ्यात मण्यांची माळ.

"मला माझं मत दुरुस्त करायचं आहे," मी म्हणालो.

"ते पेटीत गेलं ना?"

"हो, पण मला ओळखता येईल. माझी फुली जरा तिरकी आहे."

"सगळ्यांच्याच तिरक्या असतात," बाई म्हणाली. ती हसत नव्हती. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि आवाज हळू केला. "चुकून भलतीकडे गेली का?"

काय सांगणार होतो तिला? चुकून गेली नव्हती. त्या आडोशाला पेन्सिल हातात घेतल्यावर मला मंजिरी आठवली होती. शपथेवर सांगतो, आधी तीच आठवली. पण मग कानात ते वाक्य आलं, पार्सेकरांच्या आवाजात, खालच्या पट्टीत, आणि मागून त्या टाळ्या आल्या. राहणारे तर जिंकणारच आहेत, मी म्हटलं. माझ्या शब्दांना निदान माझं तरी मत पडू दे. चाळीस वर्षांनी कुणीतरी माझं ऐकलं होतं, आणि ते ऐकणाऱ्यांत मीही होतो.

"हो," मी तिला म्हणालो. "चुकून."

"मला काहीच करता येत नाही. सॉरी."

मी पेटीकडे बघितलं. काळी, साधी, आमच्या बस डेपोत हरवलेल्या वस्तू ठेवायची असे तशी. एक माणूस आपल्या कुत्र्याला घेऊन आला, त्याने घडी आत सोडली आणि तो शीळ घालत निघून गेला.

मी बाहेर आलो. पार्सेकर माझ्या बाजूचं दार उघडून उभे होते.

"मिळालं?"

"नाही. तिथेच आहे, पण देत नाहीत."

"महत्त्वाचं होतं काय?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मला अजून माहीत नाही. बसलो. पट्ट्याची कडी मला खाचेत बसवता येईना, तेव्हा ते आत वाकले आणि त्यांनी ती लावली. मग घड्याळ बघितलं.

"तुम्हाला घरी सोडतो आणि तसाच गद्रेकाकूंना आणायला जातो. त्यांचं राहिलंय अजून."

"गद्रेकाकू कुणाला देणार आहेत?"

पार्सेकरांनी आरसा सारखा केला आणि गाडी सुरू केली.

"विचारलं नाही मी," ते म्हणाले.